कँटोनीज शिकायचीय? शब्द शेपटीसकट धरा

हाँगकाँगच्या मंडईतली माझी पहिली खरेदी फसली ती एका सुरामुळे. टोमॅटो घ्यायचे होते. आदल्या रात्री वाक्य घोटून घोटून पाठ केलं होतं. सकाळी भाजीवालीसमोर उभी राहून ठणकावून म्हटलं, ‘‘ङो सोएङ् माइ फ़ान-खे.’’ तिने हातातली पिशवी खाली ठेवली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘‘बरं, काय भावाने?’’ कँटोनीजमध्ये ‘माइ’ खालच्या पट्टीतून जरासा वर चढवला की विकत घेणे, आणि तिथेच सपाट ठेवला की विकणे. मी चक्क टोमॅटो विकायला आले होते.

नोकरीसाठी, जोडीदाराच्या बदलीमुळे किंवा मुलांकडे चार-सहा महिने राहायला म्हणून आपली माणसं हाँगकाँगला जातात. ऑफिसात, बँकेत, मेट्रोत इंग्रजीवर भागतं. मंडईत, मिनीबसमध्ये आणि कोपऱ्यावरच्या खानावळीत भागत नाही. तिथे दहातल्या जवळजवळ नऊ जणांची रोजची बोली कँटोनीज आहे. त्यांच्या शब्दांत ‘क्वोङ् तुङ् वा’, क्वांगतुंग प्रांताची बोली. मकाव आणि क्वांगचौमध्येही हीच भाषा ऐकू येते. मँडरिनचा एखादा कोर्स केला असेल तर लिपी वाचायला तो उपयोगी पडेल, पण बोलताना फारसा नाही. मँडरिनमध्ये ‘खा’ला ‘छ्र’ म्हणतात, कँटोनीजमध्ये ‘सिक्’.

पहिलं काम: इंग्रजी स्पेलिंग बाजूला ठेवा. ते आपल्यासाठी बनलेलंच नाही. ‘डिम सम’ हा शब्द तिथला माणूस उच्चारतो तेव्हा त्यात ‘ड’ कुठेच नसतो. तो ‘तिम् सम्’ म्हणतो. आपण ‘कौलून’ म्हणतो, तो ‘कउ लुङ्’. इंग्रजीला अल्पप्राण आणि महाप्राण यांतला फरक लिहिता येत नाही, म्हणून तिथे सगळा घोळ होतो. आपल्याकडे प-फ, त-थ, क-ख या जोड्या पहिलीपासून गिरवलेल्या असतात आणि कँटोनीजला नेमक्या त्याच लागतात. तिचा ‘च’ हा ‘चोर’मधला, ‘चिंच’मधला नव्हे. त्याचा महाप्राण मी ‘छ’ असा लिहिते. तोही दातांशीच उच्चारायचा. ‘फ’ म्हणजे ‘फळ’मधला, इंग्रजी ‘फॅन’मधल्यासाठी मी ‘फ़’ लिहिते. ‘ओए’ दिसलं की ओठ ‘ओ’सारखे गोल ठेवून ‘ए’ म्हणा. शेवटचे प्, त्, क् तोंडातच अडवा, सोडू नका. दहाला ‘सप्’ म्हणताना ओठ मिटले की शब्द संपला.

आणि ‘ङ’! बाराखडीच्या तक्त्यात वाटीत वाटी ठेवल्यासारखा बसलेला हा ‘ङ’ आपल्याला ‘वाङ्मय’ सोडल्यास कधी भेटत नाही. कँटोनीजमध्ये मात्र तो रोजगारावर आहे. ‘मी’ म्हणजे ‘ङो’. पाच म्हणजे नुसतं ‘ङ्’, स्वर नाहीच. आता हाँगकाँगची तरुण मुलं ‘ङो’ऐवजी ‘ओ’ आणि ‘नेइ’ (तू) ऐवजी ‘लेइ’ म्हणतात. मोठी माणसं त्याला आळशी उच्चार म्हणून नाकं मुरडतात. ऐकून गोंधळू नका. तुम्ही मात्र ‘ङो’च म्हणा, मंडईतल्या म्हाताऱ्या खूश होतात.

सूर सहा. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने १९९३ मध्ये ‘युतपिंग’ ही रोमन लेखनपद्धत ठरवली. तिच्यात प्रत्येक अक्षराच्या मागे १ ते ६ पैकी एक आकडा येतो, आणि तोच सूर. मीही खाली तेच आकडे वापरते. (युतपिंगमध्ये लिहिलेले बी, डी, जी हे अनुक्रमे प, त, क आहेत, एवढं ध्यानात ठेवा.) १ म्हणजे वरची सपाट पट्टी, लांबून कुणाला ‘एऽऽ’ अशी हाक मारावी तशी. २ म्हणजे नीट ऐकू न आल्यावर आपण ‘काय?’ म्हणतो तो चढ. ३ मधली सपाट. ४ खाली घसरणारी, निराशेच्या ‘हंऽ’सारखी. ५ खालून थोडीशी वर, अर्धवट पटल्यासारखं ‘हो?’ ६ खालची सपाट, कंटाळलेली. ‘सी’ हे एकच अक्षर या सहा सुरांत म्हणून पाहा: कविता, इतिहास, परीक्षा, वेळ, बाजार, बाब. सहा वेगळे शब्द. ‘थोङ्१’ म्हणजे सूप आणि ‘थोङ्४’ म्हणजे साखर. ‘हइ६’ म्हणजे आहे, ‘हइ२’ म्हणजे अमुक ठिकाणी, आणि ‘हइ१’ ही सणसणीत शिवी. तेव्हा हा शब्द जरा बेतानेच.

चारला ‘सेइ३’ म्हणतात आणि मरणे म्हणजे ‘सेइ२’. म्हणून कित्येक इमारतींच्या लिफ्टमध्ये ४, १४, २४ हे मजलेच नसतात. हा चार मुंबईतही आहे. माझगावला नवाब टँक रोडवर ‘सी यप कून’ हे चिनी देऊळ आहे, १९१९ पासूनचं. त्यातलं ‘सी यप’ म्हणजे सेइ३ यप्१, चार जिल्हे. क्वांगतुंगच्या त्या चार जिल्ह्यांतून आलेल्या दर्यावर्दी माणसांचं ते देऊळ. आपल्या चायनीज गाडीवरची ‘अमेरिकन चॉप्सी’सुद्धा त्याच मुलखातली, मूळ शब्द चाप्६ सोएइ३, म्हणजे तुकडे-ताकडे.

आता शब्दांकडे. ‘पहिले पाचशे शब्द’ अशा याद्या पाठ करू नका. मी केल्या. पेन्सिल, गाय, जांभळा हे सगळं मला येत होतं आणि मिनीबसमधून उतरता येत नव्हतं. शब्द जागेवर शिकावा. एक जागा घ्या, तिथे कान उघडे ठेवून आठवडाभर जा, आणि तिथलीच वाक्यं घरी आणा.

सुरुवात ‘म्४ कोइ१’पासून. पुस्तकात याचा अर्थ ‘धन्यवाद’ असा देतात आणि तिथेच विद्यार्थी फसतो. गर्दीतून वाट काढायची: म् कोइ. वेटरला हाक मारायची: म् कोइ. कुणी दार धरलं: म् कोइ. मीठ सरकवा म्हणायचं: पुन्हा तेच. कुणी आपल्यासाठी काही केलं किंवा करावं, तिथे सगळीकडे हा शब्द. पण कुणी काही दिलं तर तो चालत नाही. भेट मिळाली, कुणी जेवू घातलं, तुमचं कौतुक केलं, की ‘तो१ चे६’. फळवाला तुमच्याकडून पैसे घेतो तेव्हा तो ‘तो चे’ म्हणतो. तुम्ही त्याच्याकडून पिशवी घेता तेव्हा तुम्ही ‘म् कोइ’ म्हणता. नववर्षाला लाल पाकिटातले पैसे मिळाले आणि तुम्ही ‘म् कोइ’ म्हणालात, तर नोकराने चहा आणून दिल्यासारखं होतं. मी हा घोळ केलेला आहे. घरमालकीण हसली, पण तिने लगेच सुधारलं.

आपल्याला यात अडचण वेगळीच येते. आपण भाजीवालीला ‘धन्यवाद’ म्हणत नाही; म्हटलं तर तीच दचकेल. आपुलकीत आभार मानणं आपल्याला परकेपणाचं वाटतं. तिथे तसं नाही. दिवसाला तीस-चाळीस वेळा ‘म् कोइ’ पडलं पाहिजे. कुणी तुम्हाला म्हटलं तर उत्तर ‘म्४ सइ२’, म्हणजे ‘त्याची काही गरज नाही’. हाच ‘म् सइ’ सुपरमार्केटात कामाचा: ‘म्४ सइ२ तोइ२’, पिशवी नको. २०२२ च्या अखेरीपासून तिथे प्लास्टिक पिशवीला एक डॉलर पडतो.

मंडईत ‘केइ२ छिन्२ आ३?’ एवढ्यावर निभतं: कितीला? उत्तरात ‘मन्१’ ऐकू येईल. छापील डॉलर वेगळा, बोलण्यातला डॉलर म्हणजे मन्. सप्६ मन्१, दहा डॉलर. भाव ‘कन्१’चा असतो, आणि एक कन् म्हणजे सुमारे ६०५ ग्रॅम. किलोच्या हिशेबाने ‘स्वस्त आहे की!’ म्हणून नाचू नका. घासाघीस करायची तर ‘फेङ्४ ती१, तक्१ म्४ तक्१ आ३?’ थोडं स्वस्त, चालेल का? हा ‘तक्१’ म्हणजे आपला ‘चालेल’, अगदी तंतोतंत. होकारालाही ‘तक्’, परवानगीलाही ‘तक्’, काम होण्यासारखं असलं तरी ‘तक्’. आणि निघताना ‘यउ५ मोउ५ छुङ्१ आ३?’ विचारायला विसरू नका. कांद्याची पात आहे का? आपली भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या नाहीतर कढीपत्ता वर टाकते, तशी तिथली पातीच्या दोन-चार काड्या फुकट देते. रोजचं गिऱ्हाईक झालात की न मागता मिळतात.

खरी शाळा म्हणजे ‘छा४ छान्१ थेङ्१’, तिथलं आपल्या इराण्यासारखं हॉटेल. चहा तिथे ‘छा४’. आपला ‘चहा’ त्याच घराण्यातला. दुधाचा चहा ‘नाइ५ छा४’, थंड हवा असेल तर आधी ‘तुङ्३’ आणि गरम हवा असेल तर ‘यित्६’. थंड पेयाला बहुधा दोन-तीन डॉलर जास्त. चहा-कॉफी एकत्र मिसळलेलं ‘य्युन्१ योएङ्१’ एकदा तरी प्या; मला तो प्रकार अजून पटलेला नाही. गोड कमी हवं तर ‘सिउ२ थिम्४’. बर्फ नको असेल तर ‘चउ२ पिङ्१’. ‘चउ’ म्हणजे पळणे: बर्फाला पळव! वेटर मंडळींची ही भाषा हाँगकाँगची खासियत आहे. ‘फ़ेइ१ सा१ चउ२ नाइ५’ म्हणजे शब्दशः वाळू उडव, दूध पळव. साखर आणि दूध दोन्ही नको. ‘लेङ्३ चइ२’ म्हणजे देखणा पोरगा, पण स्वयंपाकघराकडे ओरडून सांगितलं तर पांढरा भात. ‘लेङ्३ नोएइ२’, देखणी मुलगी, म्हणजे पांढरी पेज. मंडईत मला रोज ‘लेङ् नोएइ’ म्हणून हाक मारतात. साठीच्या बाईलाही मारतात, त्यामुळे हुरळून जाण्यासारखं काही नाही.

शाकाहारी वाचकांसाठी खास. ‘युक्६’ म्हणजे मांस, पण ‘युक् नको’ म्हटल्यावर कोळंबी येऊ शकते, कारण अनेकांच्या मनात युक् म्हणजे डुकराचं मांस. ‘ङो५ सिक्६ चाइ१’ म्हणा, मी चाइ खाते. ‘चाइ’ म्हणजे बौद्धांचं उपासाचं जेवण. त्यात कांदा-लसूणही नसतो. उकडलेली पालेभाजी मागवलीत तर तिच्यावर ऑयस्टर सॉस येणार, म्हणजे कालवांचा. म्हणून ‘चउ२ होउ४ यउ४’, ऑयस्टर सॉस पळव. हे वाक्य मी आईला हाँगकाँगला बोलावण्याआधी फोनवरून पाठ करून घेतलं होतं. बिलासाठी ‘माइ४ तान्१’. गर्दीच्या वेळी तुमच्या टेबलाशी अनोळखी माणूस येऊन बसला तर दचकू नका. त्याला ‘ताप्३ थोइ२’ म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

काही शब्द तर मराठी माणसाला आयते सापडतात. आपलं ‘मारणे’ घ्या. फोन मारतो, चक्कर मारतो, गप्पा मारतो. त्यांचा ‘ता२’ (मारणे) तसाच: ता तिन्६ वा२, फोन मारणे, ता कुङ्१, नोकरी करणे, ता चम्१, इंजेक्शन, ता फ़ुङ्१, वादळ येणे. वहीत ‘ता’साठी एक पान राखून ठेवा आणि ऐकू येईल तसं भरत जा. ‘हो’ला तिथे एकच शब्द नाही. ‘येतेस का?’ला आपण ‘येते’ म्हणतो, तेही क्रियापदच परत म्हणतात. प्रश्न विचारताना ‘आहे की नाही’ असं दोन्ही एकदम म्हणतात: यउ५ मोउ५. नाही मात्र तीन आहेत, आणि ते मिसळू नका: करत नाही ‘म्४’, जवळ नाही ‘मोउ५’, अजून नाही ‘मेइ६’. भेटल्यावर ‘सिक्६ चो२ फ़ान्६ मेइ६ आ३?’ विचारतील, म्हणजे ‘भात खाल्ला की अजून नाही?’ आपल्या ‘जेवलात का?’ला जेवढं उत्तर द्यायचं, तेवढंच द्या.

वस्तू मोजताना मधे एक शब्द लागतो. आपणही ‘चार जण’ म्हणतो, ‘दोन जुड्या मेथी’ म्हणतो. तिथे ते प्रत्येक नामाला. मांजर-कुत्र्याला ‘चेक्३’, मासा, रस्ता, विजार अशा लांबट वस्तूंना ‘थिउ४’, टेबल-कागदाला ‘चोएङ्१’. आठवेना तर ‘को३’ लावा आणि पुढे चला. आणि मोजताना दोन म्हणजे ‘यी६’ नव्हे, ‘लोएङ्५’.

वेळेची एक गंमत. आपण जसं सव्वा-पावणे म्हणतो, तसं ते घड्याळाच्या तबकडीवरचे आकडे मोजतात. एक आकडा म्हणजे एक ‘ची६’, म्हणजे पाच मिनिटं. ‘सप्६ तिम्२ साम्१ को३ ची६’, दहा वाजून तीन आकडे: सव्वादहा. प्लंबर ‘दोन ची’त येतो म्हणाला तर दोन मिनिटं नव्हेत, दहा. तिथला प्लंबर दहा मिनिटांत येतोही, हे मला नवल.

आता शेपटी. सूर हा शब्दाच्या अर्थातच खर्च झालेला असतो. मराठीत आपण वाक्याचा शेवट उचलला की प्रश्न होतो, दाबला की राग. कँटोनीजमध्ये शेवट उचललात तर शब्दच बदलेल. मग लाड, राग, शंका, आग्रह घालायचा कुठे? वाक्याच्या शेवटी लागणाऱ्या एका अक्षरात. अशी अक्षरं डझनावारी आहेत आणि पुस्तकं त्यांना शेवटच्या प्रकरणात ढकलतात. मी म्हणते, पहिल्या आठवड्यात शिका, कारण ना, की, म्हणे, बरं का असल्या शेपट्या आपल्याला जन्मापासून येतात. ‘लइ४’ म्हणजे येणे. ‘लइ४ ला१’, ये ना. ‘खोएइ५ लइ४ मे१?’, तो येतोय की काय? ‘खोएइ५ लइ४ क्वा३’, येईल बहुतेक. ‘खोएइ५ म्४ लइ४ वो५’, तो येणार नाही म्हणे. हा ‘वो५’ म्हणजे शब्दशः आपलं ‘म्हणे’: बातमी दुसऱ्याची, जबाबदारी माझी नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना तो समजावायला अर्धं पान लागतं. मराठी माणसाला एक शब्द पुरतो. तोच ‘वो३’ केलात तर ‘अरेच्चा, हा येतच नाहीये की!’ शेपटीशिवाय बोललात तरी समजेल, पण हुकूम सोडल्यासारखं वाटेल. ‘केइ छिन्?’ हे खेकसणं झालं, ‘केइ छिन् आ?’ ही विचारणा.

गाण्यांवरून बोली शिकायला जाऊ नका. मला हे कुणी सांगितलं असतं तर सहा महिने वाचले असते. हाँगकाँगची गाणी उच्चारात कँटोनीज असली तरी बहुतेकांचे शब्द प्रमाण लेखी चिनीतले. गाण्यात ‘आहे’ला ‘सी६’, बोलण्यात ‘हइ६’. गाण्यात ‘तो’ म्हणजे ‘था१’, बोलण्यात ‘खोएइ५’. मंडईत गाण्यातले शब्द वापरणं म्हणजे भाजीवालीला ‘आपण मजला वांगी द्यावीत’ म्हणणं. टीव्हीवरच्या मालिका चांगल्या, पण खालची चिनी अक्षरं पुष्कळदा प्रमाण भाषेत असतात. माणूस एक बोलतो, पट्टी दुसरंच लिहिते. अक्षरं येत असतील तर पट्टी झाकून ऐका.

साधनांपैकी तीनच सांगते. ‘वर्ड्स डॉट एचके’ हा बोलीचा ऑनलाइन कोश, उदाहरणांसकट. स्टीफन मॅथ्यूज आणि व्हर्जिनिया यिप यांचं कँटोनीजचं व्याकरण, १९९४ पासून त्याला तोड नाही, पण ते संदर्भासाठी ठेवा, सलग वाचू नका. गूगल ट्रान्सलेटमध्येही जून २०२४ पासून कँटोनीज आहे. एखादा शब्द अडला तर ठीक, शेपट्या मात्र त्याच्यावर सोडू नका.

तुमचा चेहरा पाहून समोरचा इंग्रजीत शिरेल. वाईट वाटून घेऊ नका. ‘ङो५ होक्६ कन्२ क्वोङ्२ तुङ्१ वा२’ म्हणा, मी कँटोनीज शिकतेय. पुढे ‘म्४ कोइ१ कोङ्२ मान्६ ती१’, जरा सावकाश बोला. ही दोन वाक्यं ऐकून माझ्याशी चिडून बोललेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

आणि ती मिनीबस. लाल छपराच्या गाडीत घंटी नसते, थांबेही पक्के नसतात. उतरायचं तर गाडीभर माणसांदेखत ओरडावं लागतं: ‘म्४ कोइ१, यउ५ लोक्६!’ उतरणारं कुणीतरी आहे. पहिल्या दिवशी माझा आवाज फुटला नाही आणि मी बरीच पुढे गेले. तुम्ही घरी आरशासमोर दहादा ओरडून जा. ड्रायव्हर तोंडाने उत्तर देत नाही, नुसता एक हात वर करतो. तो हात दिसला की पिशव्या आवरा.